लेकीला फिजिओथेरपीला घालावं का? खर्च आणि कमाईचा हिशेब जुळत नाहीये

कळंब्याची_सुमन
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येते. धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोठी लेक यंदा नीटला बसली. एमबीबीएसचं नावच नको, बीएएमएस खासगीत कुठेतरी मिळेल असं क्लासचे सर म्हणतात. पण तिच्या डोक्यात फिजिओथेरपी बसलीय, आणि त्याचं कारण माझ्या सासूबाई. दोन वर्षांमागे त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू. घरी येणाऱ्या फिजिओ ताईंनी सहा महिन्यांत त्यांना काठीवर मोरीपर्यंत नेलं. लेक रोज शेजारी उभी राहून बघायची.

मिस्टरांचं शिरोलीत छोटं लेथचं वर्कशॉप आहे. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, धाकटा नववीत. मिस्टर म्हणतात, एवढी वर्षं घालवायची, सहा-सात लाख घालायचे आणि शेवटी मागच्या गल्लीतली पोरगी फिजिओ होऊन १४ हजारांवर राबतेय ते बघायचं. त्यापेक्षा नर्सिंग कर. एका खासगी कॉलेजात चौकशी केली, वर्षाला दीड लाख सांगितले. जेवणखाण वेगळं.

मला नुसता धीर नकोय. किती जातात, किती येतात आणि कधीपासून येतात, तेवढं सांगा.

मिसळ_आणि_मी
आकडे येतीलच. सासूबाई आता कशा आहेत?

कळंब्याची_सुमन
बऱ्या आहेत. काठी टेकत स्वयंपाकघरात येतात आणि माझ्या फोडणीला नावं ठेवतात. म्हणजे पूर्ण बऱ्या.

गोनिओमीटर
नऊ वर्षं याच कामात आहे, कोल्हापुरातच. म्हणून जरा लांब लिहिते.

सुमनताई, तुमच्या मिस्टरांचा आकडा खोटा नाही. मी पास झाले तेव्हा एका हॉस्पिटलात ११ हजारांवर लागले. सकाळी नऊ ते सहा, रविवारी अर्धा दिवस. आता नव्या मुली १४ ते १८ सांगतात. पण त्या पगारावर सहसा कुणी बसून राहत नाही. दुसऱ्या वर्षी मी संध्याकाळच्या घरच्या व्हिजिट धरल्या. एका व्हिजिटचे ३०० रुपये, रोज तीन घरं, महिन्याला चोवीसेक दिवस. म्हणजे २१ हजारांच्या वर, पगारापेक्षा जास्त. त्यातून पेट्रोल वजा. एक घर फुलेवाडीला, एक कसबा बावड्यात आणि तिसरं हमखास तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं! चौथ्या वर्षानंतर दोन खोल्यांचं क्लिनिक टाकलं.

आता जे कुणी सांगत नाही ते. या कामात आपलंच अंग झिजतं. माझा डावा अंगठा डब्याचं फिरकीचं झाकण उघडताना कुरकुरतो. वारं गेलेल्या ८० किलोच्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं म्हणजे आपली कंबर आधी सांभाळायला लागते. आणि पेशंट दुखणं निम्मं कमी झालं की यायचा बंद होतो. दहा सिटिंग सांगितली तर सहाव्याला फोन उचलत नाहीत.

तरी मला परत विचारलंत तर हेच करीन. गुडघा बदललेल्या बाई पहिल्यांदा येतात तेव्हा पाय सत्तर अंशांवर अडतो. टॉवेल घोट्यात अडकवून त्या स्वतः ओढतात, डोळ्यांत पाणी, तोंडाने मला शिव्या. तीन आठवड्यांनी मापपट्टी ११० दाखवते आणि त्याच बाई घरनं थालीपीठ घेऊन येतात. पण हे हिशेबात धरू नका, तुम्ही आकडे मागितलेत.

बँकेतले_नाना
निवृत्त आहे, शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. गणित मांडतो.

फी दीड लाख, चार वर्षं, म्हणजे सहा लाख. सगळं कर्ज, व्याज १० टक्के धरू. शिक्षण (इंटर्नशिपचे सहा महिने धरून साडेचार वर्षं) आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज झोपलेलं नसतं. पहिल्या वर्षीचे दीड लाख साडेपाच वर्षं वाढतात, पुढचे साडेचार, मग साडेतीन, मग अडीच. सरळव्याजाने २ लाख ४० हजार झाले. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर ८ लाख ४० हजार. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण १४ हजार.

बघा, पगारही १४ आणि हप्ताही १४. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ९ हजारांवर येतो, पण व्याज किती जाईल ते तुम्हीच बघा.

एक करता येतं. शिकत असतानाच दर महिन्याला तेवढं व्याज भरत जा. मुद्दल फुगत नाही. पालक हे ऐकून मान हलवायचे आणि भरायचे मात्र नाहीत.

शिरोली_फाउंड्री
ताईंच्या मिस्टरांच्या बाजूने एक मत. आमच्यात आयटीआय केलेला पोरगा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) चालवतोय, दुसऱ्या वर्षी २२ हजार घेतोय. ओव्हरटाइम वेगळा. शिक्षणाचा खर्च म्हणाल तर वर्षाची दोन जोडी बूट. डिग्री डिग्री करून आपण पोरांना कर्जात घालतोय.

निशिगंध
@शिरोली_फाउंड्री, तुमच्या आकड्याशी भांडण नाही. पण मंदी आली की पहिली सुट्टी त्याच पोराला मिळते. शिवाय मुलीला फाउंड्रीत पाठवाल का, ते पण लिहा.

शिरोली_फाउंड्री
आमच्यात क्वालिटीत चार मुली आहेत. पण मुद्दा पोचला.

तालमीतला_पप्या
काय भावांनो, कोल्हापुरात फिजिओला काम न्हाई म्हणायलाय? शाहू स्टेडियमवर एक सीझन बघा. पेठेपेठेचं फुटबॉल, दर दोन मॅचला एकाचा गुडघा जातोय. माझाबी गेलाय. लिगामेंटचं ऑपरेशन, मग नऊ महिने फिजिओ. आधी दोन महिन्यांत खेळायला उतरलो हुतो, परत सुजला. मॅडमनी असल्या झाडल्यात, घरच्यांनीबी तेवढं झाडलं न्हवतं.

तालमीतली पोरंबी आता मॅडमकडं जात्यात. आधी वस्ताद तेल लावून खांदा बसवायचे. बसायचाबी. कधी कधी दुसरीकडंच बसायचा.

मिसळ_आणि_मी
"दुसरीकडंच बसायचा" :)) विषय हार्ड!

गोनिओमीटर
@तालमीतला_पप्या, खेळाडू येतात हे खरं. पण पेठेतली पोरं फी म्हणून पेढ्यांचा पुडा आणतात आणि "मॅडम, फायनलला या" म्हणतात. खेळाचं फिजिओ ऐकायला भारी वाटतं. माझं क्लिनिक चालतं ते गुडघेदुखीच्या मावशी, मानेला पट्टा लावलेले कॉम्प्युटरवाले, हुपरीचे चांदी कारागीर आणि इचलकरंजीचे यंत्रमागवाले यांच्यावर. चांदीवाल्यांची मान अख्खा दिवस खाली असते. ते बिचारे रोख देतात आणि वेळेवर येतात.

घाटाखालचा_घाटावर
मी गडहिंग्लजला क्लिनिक चालवतो. सहा वर्षं झाली. शहर सोडून लहान गावाचा हिशेब देतो, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही.

मशिनरी, टेबलं, शेकायचं सामान धरून अडीच लाख घातले. महिन्याचा खर्च असा: जागा ६ हजार, मावशी ८ हजार, लाइटबिल २ हजार, मशीनचा हप्ता साडेपाच हजार. एकूण साडेएकवीस. मावशी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पुरुष फिजिओकडे बायका कंबर दाखवायला एकट्या थांबत नाहीत, आणि लहान गावात ती अब्रूची गोष्ट आहे. मावशी आली त्या महिन्यात पेशंट दुप्पट झाले.

आता जमा. सिटिंगचे २०० रुपये. पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी चार पेशंट, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०,८००. खर्च २१,५००. महिन्याला ७०० रुपये खिशातून घालून मी समाजसेवा करत होतो. आता दिवसाला बारा पेशंट येतात, ६२,४०० जमा, खर्च वजा जाऊन चाळीसेक हजार राहतात. ऊस तोडणीच्या हंगामात कंबरेचे पेशंट वाढतात. पावसाळ्यात भात लावणीमुळे महिनाभर शुकशुकाट असतो. लावणी संपली की तेच सगळे वाकलेले येतात.

अजून एक. सुरुवातीला मी गावातल्या डॉक्टरांकडे ओळख करून घ्यायला गेलो. एकाने चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, "पेशंट पाठवतो, आमचं काय?" मला आधी कळलंच नाही. कळल्यावर कपात उरलेला चहा तसाच ठेवून आलो. त्या बाजूने आजतागायत एक पेशंट आलेला नाही. हे पण खर्चात धरा.

आर्या_इंटर्न
सध्या इंटर्नशिप करतेय म्हणून लिहिते. ज्या कॉलेजात जाणार तिथल्या इंटर्नला महिन्याला हातात किती मिळतात ते इंटर्नलाच विचारा, ऑफिसात विचारू नका. आम्हाला प्रवेशाच्या वेळी सांगितलेला आकडा आणि मिळालेला आकडा यांची ओळखच नाही.

आणि कोर्सची वर्षं नीट मोजा. आमचा चार वर्षं अधिक सहा महिने. फिजिओसारख्या आरोग्य शाखांच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जो अभ्यासक्रम आणला त्यात पाच वर्षं आहेत, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे नानांच्या गणितात अजून सहा महिन्यांचं व्याज.

बँकेतले_नाना
बरोबर. सहा लाखांवर सहा महिने, ३० हजार अजून चढले.

सडेतोड_सावंत
एवढं शिकून नावामागे डॉक्टर तरी लावता येतं का? की करंट लावणारी बाई एवढीच ओळख?

आर्या_इंटर्न
त्याचीच गंमत झाली. त्याच अभ्यासक्रमात नावाआधी डॉ. आणि नावापुढे पीटी लावायला मोकळीक दिली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, डॉ. लावू नका. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं. आमच्या होस्टेलवर एका मुलीने दाराची पाटी एका दिवसात दोनदा बदलली.

गोनिओमीटर
माझे पेशंट मला "शेकणाऱ्या मॅडम" म्हणतात. डॉ. लावल्याने अंगठा दुखायचा थांबणार असेल तर लावीन.

राइन_काठचा
मूळचा मंगळवार पेठेचा, सध्या जर्मनीत. परदेशाचा विषय निघायच्या आधीच लिहितो, कारण एजंट लोक फार गोड बोलतात.

इथे फिजिओंची गरज आहे, हे खरं. पण फिजिओथेरपी इथे मुळात तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण. आपली डिग्री त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडून मान्य करून घ्यावी लागते. विषयांत तफावत निघाली तर वाढीव प्रशिक्षण किंवा परीक्षा. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत हवीच. पेशंटला "इथं दुखतंय का, कळ खाली पायात जाते का" हे जर्मनमध्ये विचारता यायला पाहिजे, आणि म्हाताऱ्या पेशंटची बोलीभाषा कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. इंग्लंडला जायचं तर एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. अमेरिकेला डिग्रीचं मूल्यमापन आणि एनपीटीई ही फिजिओंची परवाना परीक्षा. आखाती देशांत त्यांची परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी. सगळीकडे वेळ आणि पैसा दोन्ही जातात. तो खर्च डिग्रीच्या खर्चात आत्ताच धरू नका आणि ती कमाईसुद्धा आत्ताच धरू नका.

सडेतोड_सावंत
जर्मनीत तांबडा-पांढरा मिळतो का?

राइन_काठचा
मसाला आई पाठवते. पांढरा करतो, तांबडा केला की शेजारी खिडक्या लावून घेतात.

पारिजातक_सिस्टर
मी स्टाफ नर्स आहे. नर्सिंगचं नाव निघालंय म्हणून लिहिते. सरकारी जागांचा विचार केला तर आमच्या जागा फिजिओपेक्षा कितीतरी जास्त असतात. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, वॉर्डागणिक सिस्टर दिसतील, फिजिओ मोजकेच. पगार पहिल्या महिन्यापासून येतो. पण सुमनताई, नाइट ड्युटी, बेडपॅन, नातेवाइकांची दमदाटी, हे सगळं "त्यापेक्षा नर्सिंग कर" या तीन शब्दांत येत नाही. जिला मनापासून करायचंय तिनेच यावं. दुसरं मिळालं नाही म्हणून आलेल्या मुली दोन वर्षांत सोडून जातात, आणि त्यांच्या नाइट आम्हाला करायला लागतात.

झोपाळा
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण ऑक्युपेशनल थेरपीचा कुणी विचार का करत नाही? माझ्या भाच्याला हाताने घास घ्यायला, बटण लावायला एका थेरपिस्टनी शिकवलं. बीओटीएचची (त्याच्या डिग्रीची) कॉलेजं कमी आहेत, पण लहान मुलांसाठी थेरपिस्टची वेटिंग लिस्ट असते. आम्ही चार महिने थांबलो होतो.

गोनिओमीटर
@झोपाळा, सहमत. आणि अपंग पुनर्वसन म्हणजे काय ते बघायचं असेल तर कोल्हापूरकरांनी लांब जायला नको. नसीमा हुरजूक यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड आपल्या गावातच उभी राहिली. मी शिकत असताना तिथे गेले होते. चाकाच्या खुर्चीतली मुलगी सराईतपणे भाकरी थापत होती. ओटा तिच्या उंचीचा केलेला होता, एवढंच. पुस्तकातला अख्खा धडा त्या ओट्यात होता.

उसाचा_रस_बिनबर्फ
अहो, सगळ्यात महत्त्वाचं अजून कुणीच लिहिलं नाही!

ताईंनी दीड लाख हा आकडा कुठल्या कॉलेजचा, कुठल्या कोट्यातला धरलाय? राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आधी शिकवणी फीची (म्हणजे कॉलेजच्या ट्यूशन फीची) निम्मी सवलत होती. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एवढीच की प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की गेलं. अभिमत (डीम्ड) विद्यापीठात घेतला तरी गेलं. त्यामुळे आपल्या कसबा बावड्यात किंवा कराडला प्रवेशाचं बघताना तिथलं विद्यापीठ अभिमत आहे हे लक्षात घ्या. शिक्षणाला नाव ठेवत नाही, पण खर्चाचं गणित वेगळं मांडायला लागेल.

आणि फी ऐकीव धरू नका. अभिमत सोडून बाकी खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात.

बँकेतले_नाना
हे मी आधीच विचारायला हवं होतं. माझं सगळं गणित फिरलं. पण सवलतीत वसतिगृह, मेस, विकास शुल्क, अनामत येत नाही. ते धरा.

शेंडेफळ
आणि "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की देतो" म्हणणारी कॉलेजं असतात. आमच्या भाचीचे पैसे दीड वर्षाने परत आले. महाडीबीटीचा (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज दर वर्षी नव्याने भरायला लागतो, एक वर्ष राहिला की बोंबला. पावत्यांची फाइल करा.

निशिगंध
सुमनताई, धागा पेटवून कुठे गेलात?

कळंब्याची_सुमन
आहे, आहे! रोज वाचत होते. आठ दिवस तहसीलच्या चकरांत गेले. आम्ही ओबीसीत येतो. जात पडताळणीचा दाखला होता, पण नॉन क्रिमिलेअरची मुदत संपलेली, उत्पन्नाचा दाखला नवा काढायचा होता. @उसाचा_रस, तुमचे उपकार कसे फेडू? दीड लाख हा मॅनेजमेंट कोट्यातलाच आकडा निघाला. फोनवर कुणी तसं बोललंच नव्हतं.

आता नानांसारखं मांडलं. केंद्रीय फेरीतून मिळालं तर शिकवणी फी नाही. गाव सोडून राहावं लागलं तर खोली आणि मेस ७ हजार, वर्षाचे दहा महिने, चार वर्षांचे २ लाख ८० हजार. इतर शुल्क, पुस्तकं, एप्रन, येणंजाणं धरून अजून लाखभर. इंटर्नशिपच्या वर्षाचे अजून साठ-सत्तर हजार. म्हणजे साडेचार लाखांच्या आत. निम्मे आमच्याकडे आहेत.

दुसरी गोष्ट. गोनिओमीटर ताईंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून लेकीला चार दिवस क्लिनिकवर बसायला बोलावलं. ती वही घेऊन गेली. पेशंट किती आले, किती जणांनी पैसे दिले, किती जण "उद्या देतो" म्हणाले, सगळं लिहून आणलं. मिस्टरांनी वही चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखीच उधारी." चौथ्या दिवशी ते तिला आणायला गेले. ताईंनी त्यांचा उजवा हात वर करायला सांगितला. लेथवर उभं राहून राहून खांदा आखडलाय, हात कानापर्यंत जात नाही. आम्हाला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. आता रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेतात. लेक पेन्सिलने खूण करते. सहा खुणा झाल्यात, नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर.

गोनिओमीटर
त्यांना सांगा, व्यायाम सुटला तर भिंतीवर दिसेल.

शिरोली_फाउंड्री
खांद्याचं माझंही तसंच आहे. पत्ता पाठवा.

मिसळ_आणि_मी
मग काय ठरलं? आणि सासूबाईंचं मत?

कळंब्याची_सुमन
पसंतीक्रम भरला. लेकीच्या आग्रहाने बीओटीएचही खाली टाकलंय. मिस्टर अजून "बघू" म्हणतात, पण सायबर कॅफेत शेजारी बसून त्यांनीच भरून घेतला.

सासूबाईंनी काल विचारलं, "मला चालवलेल्या पोरीला तुम्ही किती दिलेत?" मी हिशेब सांगितला. सहा महिने, महिन्याला २५ दिवस, दिवसाचे ३५०. साडेबावन्न हजार.

तर म्हणाल्या, "ती ४०० मागत होती ना?"

मिस्टरांनीच ५० रुपये कमी करून घेतले होते. ते उठून अंगणात गेले.